जळगावचं जुन्या पुस्तकांचं दुकान, मागचा रॅक बघाच
स्टँडजवळच्या या दुकानात बाहेर नुसते एमपीएससीचे गाइड, पण मागच्या रॅकला काय काय निघतं विचारू नका. मला जेम्स वॅडेलचं इंग्रजी चरित्र भेटलं 90 रुपयात. अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेकडचा नेव्ही ऑफिसर, शेनांडोआ जहाजाचा कॅप्टन. एप्रिल 1865 ला दक्षिणेचा सेनापती लीने शरणागती पत्करली तरी हा गडी जूनमधे बेरिंग समुद्रात उत्तरेकडच्या व्हेल मारणाऱ्यांची जहाजं जाळत बसलेला, ऑगस्टमधे एका इंग्रजी जहाजाकडून युद्ध संपल्याची पक्की खबर कळली मग तोफा खाली उतरवल्या आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून नोव्हेंबरात थेट लिव्हरपूल, जहाज इंग्रजांच्या हवाली. पुढे स्टीमरवर कॅप्टन झाला तर ती 1877 ला मेक्सिकोजवळ खडकावर फुटली, शेवटी मेरीलँडात कालवं (खायचे शिंपले) चोरणाऱ्यांवर पहारा! (याच युद्धात अमेरिकेचा कापूस अडला आणि आपल्या खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आलता, म्हणून जरा जास्तच इंटरेस्ट.)
बाइंडिंग मात्र पार सुटलेलं, नकाशाचं पान फाडून नेलंय कोणीतरी. मालकभाऊ स्वभावाने चांगले पण काही विचारलं की "तुम्हीच पाहून घ्या ना भो". भाव करा, कमी करतात. साडेतीन स्टार. दुपारी बंद असतं.