लॅव्हेंडर लावावं की लावंच?

बेळगावच्या बाजारात कानडी दुकानदाराकडे ‘लावंच’ मागितलं की हातात वाळ्याची मुळं पडतात. नावं जवळची, पण स्वभाव पार उलटे: वाळ्याला पाणी मानवतं, लॅव्हेंडर पाण्यानंच मरतं.

जम्मूत भद्रवाहच्या शेतांत होतं ते इंग्लिश लॅव्हेंडर. त्याला फुलायला कडक थंडी लागते. आपल्याकडे पाला येतो, फूल क्वचित. हौसच असेल तर दातेरी पानांचं डेंटाटा जातीचं लॅव्हेंडर घ्या. त्याचा वास कापराकडे झुकतो. कपाटातल्या पुरचुंडीला चालेल, चहाला नको.

कुंडी मातीचीच, 10-12 इंची. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, जुनं शेणखत दोन मुठी. खानापूरकडची तांबडी माती आंबट असते, तिच्यात चमचाभर शेतीचा चुना मिसळा. वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली, पण उजेडात. माती ओली असूनही शेंडे माना टाकू लागले तर मुळं कुजली आहेत. लोक नेमकं तेव्हाच आणखी पाणी घालतात. फुलं संपल्यावर एक तृतीयांश छाटा. पानं नसलेल्या जुन्या लाकडात कात्री घातली तर तिथून फुटवा येत नाही.

वाळ्याला एवढे लाड लागत नाहीत. जूनमध्ये मुळांसकट फुटवे घ्या, पाती वीतभर ठेवून छाटा, दीड-दीड फुटावर लावा. खोदाई 15 ते 18 महिन्यांनी. घाई केली तर मुळं बारीक आणि वास फिका. अथणी-चिकोडीच्या काळ्या रानात मुळं तुटतात, म्हणून तिथं वाळूमिश्रित माती भरलेल्या उंच पिशवीत लावा आणि शेवटी पिशवीच फाडा. बांधावर माती धरायला लावलेला वाळा मात्र उपटू नका.

वापरात वाळा सरस. धुतलेल्या मुळांची छोटी जुडी माठात टाका, चार दिवसांनी काढून उन्हात वाळवा, पुन्हा वापरा. झोपेसाठी लॅव्हेंडरचा चहा हवा असेल तर इंग्लिश जातीची खाण्यायोग्य सुकी फुलं विकत घ्या: कपाला एक चमचा, पाच-सात मिनिटं झाकून. लॅव्हेंडरचं तेल पिऊ नये. अंगाला लावायचं तर 30 मिली खोबरेल तेलात 12 थेंब, आधी मनगटावर लावून दिवसभर बघा. बाटली उघडी राहिली की तेल हवेनं बिघडतं आणि खाज उठवतं.

कणकुंबी-जांबोटीच्या पावसात लॅव्हेंडरचा नाद सोडा. बेळगाव शहरात गच्चीवर एखादी कुंडी जगेल. अथणीकडे पाऊस कमी, पण उन्हाळा कडक. तिथं एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली द्यावीच लागेल.