मँचेस्टर स्क्वेअरमधील शस्त्रदालने : वॉलेस कलेक्शन, लंडन

आमच्या घरी खंडेनवमीला जी तलवार पूजेत मांडली जाते, तिचे पाते वर्षानुवर्षे चिंच आणि विटेची पूड लावून इतके घासले गेले आहे की आज त्यावर चेहरा दिसतो. ते पाते जौहरदार, म्हणजे पोलादातच उमटलेल्या लहरींसारख्या नक्षीचे होते, असे आजोबा सांगत. जौहर म्हणजे काय हे मी वाचले होते, चित्रांतही पाहिले होते. परंतु ते पोलादात प्रत्यक्ष कसे दिसते आणि आमच्या घरातून नेमके काय नाहीसे झाले, याची जाणीव मला लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधील शस्त्रदालनांत झाली. म्हणून जुन्या हत्यारांची मनापासून आवड असलेल्या मराठी वाचकांसाठी हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या गर्दीपासून थोड्याच अंतरावर, मँचेस्टर स्क्वेअरमधील हर्टफर्ड हाऊस या जुन्या सरदारी वाड्यात हा संग्रह आहे. सर रिचर्ड वॉलेस यांच्या पत्नीने १८९७ मध्ये तो मृत्युपत्राद्वारे ब्रिटिश राष्ट्राला दिला आणि १९०० मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. प्रवेश विनामूल्य आहे. बहुतेक प्रवासी येथे चित्रे पाहायला येतात, पण तळमजल्यावरील चार दालनांमध्ये मिळून सुमारे अडीच हजार शस्त्रे, चिलखते व तत्संबंधी वस्तू आहेत. त्यांपैकी तीन दालने युरोपीय शस्त्रांची आणि एक पौर्वात्य शस्त्रांचे आहे.

हा साठा एका माणसाच्या आवडीतून उभा राहिलेला नाही, आणि दालनांतून फिरताना तो फरक जाणवतो. युरोपीय हत्यारांचा मोठा भाग वॉलेस यांनी १८७१ मध्ये घेतला : तिसऱ्या नेपोलियनच्या पाडावानंतर त्याचा कलाधिकारी काउंट न्यूवेरकेर्क याचा संग्रह विक्रीला निघाला होता, आणि सर सॅम्युएल मेरिक यांच्या संग्रहातील निवडक वस्तूही त्याच सुमारास वॉलेस यांच्याकडे आल्या. मेरिक हे शस्त्रांचा कालानुक्रमे अभ्यास करणाऱ्या पहिल्या इंग्रज विद्वानांपैकी एक होते. पौर्वात्य हत्यारे मात्र मुख्यतः, ज्यांचा वारसा वॉलेस यांना मिळाला त्या चौथे मार्क्वेस ऑफ हर्टफर्ड या उमरावाने, १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये राहून, सौंदर्याच्या ओढीने जमवली. त्यामुळे पहिल्या तीन दालनांत शस्त्राचा इतिहास समजतो, तर चौथ्यात शस्त्राची श्रीमंती डोळ्यांत भरते.

युरोपीय दालने घाईने उरकू नयेत, असे मी मराठी पाहुण्यांना मुद्दाम सांगेन. आपल्याकडची फिरंग समजून घ्यायची तर तिचे पाते जेथून आले तेथील तलवारी पाहाव्या लागतात. मराठ्यांनी आणि दख्खनच्या सुलतानांच्या सरदारांनी सरळ, लांब, लवचीक युरोपीय पाती आवडीने घेतली आणि त्यांवर आपल्या पद्धतीच्या मुठी चढवल्या. पात्याच्या मधली उथळ पन्हळ वजन कमी करते पण ताठपणा राखते, हे येथे काचेपलीकडची एकामागून एक पाती पाहताना आपोआप उमगते. मध्ययुगातील एकहाती तलवारी दिसायला भारदस्त असल्या तरी त्यांचे वजन साधारणतः किलोच्या थोडे पुढे असते, हेही ध्यानात ठेवून त्या पाहाव्यात. कट्यारी-खंजिरांमध्ये मला दोन गोष्टी विशेष वाटल्या. एक, इटलीतील ‘चिंक्वेदेया’, म्हणजे मुळाशी पाच बोटे रुंद असलेले आखूड पाते. दुसरी, फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याचा मारी द मेदिचीशी विवाह झाला तेव्हा, १६०० मध्ये, पॅरिस शहराने त्याला भेट दिलेला खंजीर. त्याच्या सजावटीतील शिंपल्याचे काम एवढे नाजूक आहे की हे हत्यार आहे याचा क्षणभर विसर पडतो.

परंतु माझा बहुतेक वेळ गेला तो पौर्वात्य दालनात. येथील इराणी आणि हिंदुस्थानी पात्यांवर जौहर आहे. प्रकाश तिरपा पडेल अशा बेताने थोडे खाली वाकून पाहिले की करड्या पोलादावर वाहत्या पाण्यासारख्या, कुठे शिडीसारख्या रेषा उमटलेल्या दिसतात. ही नक्षी कोरलेली नसते. मुशीत तयार केलेल्या, भरपूर कार्बन असलेल्या पोलादाचा गोळा सावकाश थंड होताना आणि पुढे बेताच्या उष्णतेवर ठोकला जाताना कार्बाइडचे, म्हणजे लोह व कार्बन यांच्या संयुगाचे, कण ओळींनी बसतात. घडलेले पाते घासून त्यावर हिराकशीसारख्या लोहक्षाराचे द्रावण लावले की भोवतालचे पोलाद काळवंडते आणि कणांच्या ओळी उजळ राहतात. हे पोलाद दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत तयार होत असे. तेलंगणातील कोनसमुद्रम हे त्याचे नामांकित ठिकाण, आणि तिकडचे गोळे इराणपर्यंत जात. म्हणजे इराणी समशेरीच्या पात्यावर इस्फहानच्या कारागिराचे नाव असले, तरी त्यातला धातू दख्खनच्या भट्टीतून आलेला असू शकतो. पात्याचा वरचा थर घासला की हे उमटलेले रूप निघून जाते. आमच्या तलवारीचे हेच झाले.

दालनातील सर्वांत मौल्यवान वस्तू बहुधा जहांगीरच्या काळातील सोन्याच्या मुठीचा खंजीर ही असावी. मुठीवरची फुले माणके, पाचू आणि हिऱ्यांनी घडवली आहेत, आणि तरीही खडे फुलांपेक्षा मोठे होत नाहीत. रत्नकामातील हा संयम मला फार थोड्या ठिकाणी आढळला आहे. परंपरेने महाराजा रणजितसिंहांची मानली जाणारी तलवारही याच संग्रहात असून २०२४ मध्ये येथे रणजितसिंहांवर स्वतंत्र प्रदर्शन भरले होते. कट्यारींसमोर मात्र थोडे थांबून तिची मूठ कशी धरायची याचा विचार करावा. दोन उभ्या पट्ट्यांमधील आडव्या दांड्यावर मूठ वळली की पाते मनगटाच्या रेषेत येते आणि वार भोसकण्याचाच होतो.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. शिवछत्रपतींशी नाते सांगणारी शस्त्रे पाहण्याच्या अपेक्षेने येथे येऊ नये. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५–७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेली तलवार ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे, आणि २०२४ मध्ये साताऱ्यात आणलेली वाघनखे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची आहेत. हर्टफर्ड यांनी बाजारातून सौंदर्य पाहून खरेदी केली. कोणते हत्यार कोणत्या लढाईतून आले, याचा शोध त्यांनी घेतला नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही उणीव बोचेल. मलाही ती बोचली, पण धातू, घडण आणि मुठीची रचना यांचा अभ्यास करायचा असेल तर इतकी चांगली राखलेली पाती इतक्या जवळून पाहण्याची दुसरी जागा मला माहीत नाही.

किमान तीन तास हाताशी ठेवावेत. नाताळचे तीन दिवस वगळता संग्रहालय रोज सकाळी दहा ते पाच उघडे असते आणि बाँड स्ट्रीट स्थानकापासून पायी जाता येते. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक वस्तूची क्रमांकासह नोंद सापडते. जाण्यापूर्वी ती चाळून हव्या त्या पात्यांचे क्रमांक टिपून घेतले तर दालनातला वेळ वाया जात नाही.

घरी परतल्यावर मी आईशी बोललो. आता नवमीला पाते घासायचे नाही, कोरड्या मऊ कापडाने पुसून तेलाचा पातळ हात द्यायचा आणि पूजा झाल्यावर तलवार ओल धरणाऱ्या चामडी म्यानात न ठेवता वेगळी ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे.