ॲडिरॉंडॅकच्या जंगलात बेअर कॅनिस्टर : उन्हाळाभर वापरल्यानंतर

मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या ॲडिरॉंडॅक डोंगरांत वापरलेल्या बेअर कॅनिस्टरबद्दल, म्हणजे अस्वलाला उघडता येऊ नये अशा खाण्याच्या डब्याबद्दल हे लिखाण आहे. डबा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा, 11.5 लीटरचा. उंची साधारण 32 सेंमी, व्यास 22 सेंमी, रिकाम्याचे वजन सव्वा किलोच्या जरा आत. किंमत शंभर डॉलरच्या आसपास. दोघांच्या शुक्रवार ते रविवार वीकएंडला पुरतो, तिघांना नाही. डबा मजबूत आहे, पण तो कसा भरता आणि कसा बंद करता यावरच सगळे अवलंबून आहे.

आधी नियम. ईस्टर्न हाय पीक्स भागात (या डोंगरांतल्या उंच शिखरांच्या पूर्वेकडच्या भागात) रात्र काढायची असेल तर 1 एप्रिल ते 30 नोव्हेंबर कॅनिस्टर सक्तीचा आहे, आणि ही सक्ती 2005 पासून आहे. खाणे दोरीने झाडाला टांगण्याची जुनी पद्धत तिथे चालत नाही, कारण दोरी कुठे बांधलेली असते आणि ती तोडली की काय होते हे तिथल्या काळ्या अस्वलांना कधीच कळले आहे. शिवाय उंचावर स्प्रूस आणि फरची झाडे ठेंगणी, फांद्या आखूड. टांगायला धड फांदीच मिळत नाही. याच भागात शेकोटीलाही बंदी आहे, म्हणजे स्वयंपाक गॅसवरच.

डबा वासबंद नसतो, हा पहिला गैरसमज सोडा. अस्वलाला आतला वास येतोच. डबा जबड्यात मावत नाही आणि नखाला धरायला कुठे कड मिळत नाही, त्यामुळे ते लोळवून, आपटून शेवटी कंटाळून जाते. अपवाद एक झाला. कानांत पिवळे बिल्ले असलेली ‘यलो-यलो’ नावाची अस्वलीण पारदर्शक डब्याच्या झाकणाचा खटका दातांनी दाबून झाकण फिरवायला शिकली. दोन खटक्यांचे झाकण आले, तर तेही उघडले. 2012 मध्ये ती शिकाऱ्याच्या गोळीने मेली. तिच्यामुळे झाकण शेवटपर्यंत फिरवण्याचे महत्त्व आज नीट कळते : पहिला खटका वाजला म्हणून थांबू नका, दुसराही मागे गेला पाहिजे. अर्धवट बंद डबा म्हणजे नुसती बादली.

झाकण हीच या डब्याची सर्वांत कटकटीची बाजू. पहाटे गारठा असला की प्लॅस्टिक ताठरते आणि खटका बोटाने दबत नाही. जुने एटीएम कार्ड खटक्याखाली सरकवून झाकण फिरवले की काम होते, म्हणून एक कार्ड सॅकच्या वरच्या कप्प्यात कायम ठेवावे. दुसरा त्रास आट्यांचा. वाळू, साखर किंवा पिठाचा कण आट्यांत अडकला की झाकण तिरके बसते, आणि जोर लावला तर जास्तच रुतते. कोरड्या फडक्याने आटे पुसून पुन्हा लावावे. तेल लावायच्या भानगडीत पडू नये, धूळ अजून चिकटते. पावसात झाकणाच्या फटीतून पाणी आत येते. रात्री डबा उलटा, झाकण खाली करून ठेवला तर पाणी साचत नाही, पण पीठ-मीठ तरीही झिपच्या पिशवीतच हवे.

आता आपल्या जेवणाकडे. प्रश्न वजनाचा कमी आणि जागेचा जास्त. माणशी दिवसाला 600 ते 700 ग्रॅम कोरडे खाणे धरा. जाडे पोहे जागा खातात : ज्या कपात भाजलेला रवा 160-170 ग्रॅम बसतो, त्यात पोहे त्याच्या निम्मेच. म्हणून नाश्त्याला उपम्याचा भाजलेला रवा, रात्री पिठल्याचे पीठ (बेसन आधीच भाजून, तिखट-मीठ-हिंग-जिरेपूड घालून) आणि झटपट भात. मेतकूट फार कामाचे, उरलेल्या भातावर दुसरे काही लागत नाही. दशम्या किंवा थेपले चपटे बसतात आणि पहिले दोन दिवस चांगले टिकतात. लाडवांपेक्षा चिक्की बरी, लाडवांच्या गोलाव्यात जागा फुकट जाते. पाकिटांतली हवा टोचून काढायची. लोणचे नेऊच नये. तेल गळले की डब्याचा वास महिनाभर जात नाही.

पण खाण्याखेरीज लीटरभर जागा दुसऱ्याच गोष्टींना लागते आणि ती बहुतेक जण विसरतात. टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, साबण, कीटक पळवणारे मलम, खरकटे आणि रिकामी पाकिटे हे सगळे रात्री डब्यातच. शुक्रवारचे जेवण वाटेत गाडीतच उरकले तर भरताना बरीच मोकळीक मिळते.

मलमाचा विषय निघालाच आहे तर : मे मध्यापासून जूनअखेरपर्यंत ब्लॅक फ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या असतात, मग डास. डीट हे कीटक पळवणारे रसायन असलेले मलम काही प्लॅस्टिक खराब करते, म्हणून तेच हात डब्याला लावू नका. त्याऐवजी 20 टक्के पिकॅरिडिन (तसेच दुसरे रसायन) लावले तर ही काळजी उरत नाही.

सॅक किमान 55-60 लीटरची हवी. डबा उभा, पाठीलगत, स्लीपिंग बॅगच्या वर, आणि भोवतीच्या फटीत कपडे. आडवा ठेवला तर गोल पोट मणक्यात रुतते. 45 लीटरच्या सॅकमध्ये डबा मावतो, पण मग तंबू बाहेर लटकतो आणि अरुंद, मुळांनी भरलेल्या वाटेवर फांद्यांत अडकतो. रिकामा झाला तरी डबा तेवढीच जागा अडवतो. परतीला त्यात ओले मोजे भरता येतात, एवढाच फायदा.

वाट जिथून सुरू होते त्या ॲडिरॉंडॅक लॉजपासून मार्सी डॅम ही तळाची जागा 2.3 मैल, तिथे तळ ठोकून शनिवारी माउंट मार्सी (1,629 मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर) करायचा हा नेहमीचा बेत. दिवसाही तळावरचा डबा बंदच हवा. अस्वल येवो न येवो, लाल खारी आणि चिपमंक (पट्टेदार छोट्या खारी) दर तासाला फेरी मारतात. रात्री डबा तंबूपासून आणि स्वयंपाकाच्या जागेपासून 100 फूट लांब, सपाट जमिनीवर. ओढ्याच्या काठी किंवा उतारावर ठेवला आणि अस्वलाने लाथाडला तर तो गडगडत कुठे जाईल सांगता येत नाही. परावर्तक टेप चिकटवली तर टॉर्चच्या उजेडात सापडतो. दोरी, पट्टा काही बांधू नका. तेच अस्वलाला ओढायला मिळते.

हळदीचे डाग पडतातच. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन डबा उघडा करून दोन दिवस उन्हात ठेवला की पिवळेपणा बराच फिका होतो. हिंगाचा वास मात्र चिवट, त्याला खायच्या सोड्याचे पाणी रात्रभर.

वर्षातून एकदाच जाणाऱ्यांनी विकत घेऊ नये. लॉजजवळच्या माहिती केंद्रात डबे भाड्याने मिळतात. ताब्यात घेताना तिथेच झाकण दोनदा लावून-काढून बघा, खटक्याच्या मुळाशी पांढरी रेघ म्हणजे तडा दिसला तर दुसरा मागा, आणि आपले खाणे पार्किंगमध्येच त्यात भरून पाहा.