शामरावनगरचं बैठं घर की कुपवाडचा फ्लॅट?

बजेट तेवढंच, पर्याय दोन. सांगलीत शामरावनगरात दीड गुंठ्यावर बैठं घर, नाहीतर कुपवाडला दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके. मेहुण्याला घर घ्यायचंय, म्हणून त्याच्याबरोबर दोन्ही बघून आलो.

नुसतं घर म्हणून बघाल तर बैठं घर सरस. दारात पेरू, गच्ची आपली, मेंटेनन्सची कटकट नाही. पण आतल्या खोलीतलं कपाट जरा सरकवायला लावलं, तर मागच्या भिंतीवर कमरेपर्यंत मिठासारखे पांढरे क्षार. बोट लावलं की गिलावा भुरभुर खाली. मालक म्हणाले, "पावसाळ्यात जरा ओल धरतंय." भाच्याला आधीच दम्याचा पंप आहे. त्याला या खोलीत झोपवायचं?

ओलीचं मूळ जमिनीत. हा भाग सखल, काळ्या मातीचा. पाणी मुरत नाही, म्हणून पावसाळ्यात सेप्टिक टँकचा शोषखड्डा तुंबतो, संडासातून पाणी उलटं येतं आणि जवळच्या बोअरचाही भरवसा राहत नाही. वर महापूर आहेच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ मध्ये ५५ च्या आसपास. पूर ओसरल्यावर चिखल उपसताना पायाला जखम असली की लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती.

कुपवाड उंचावर, कृष्णेचं पाणी तिथवर येत नाही. मोठा प्रश्न तिथंच मिटला. पण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, त्याला मजल्याचं काय! इथं गच्चीवरच्या टाकीला झाकण नव्हतं, पत्र्यावर दगड ठेवलेला. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. झाकण बसवून घेता येतं, भिंतीतली ओल सहज घालवता येत नाही. एमआयडीसी जवळ आहे, तेव्हा वास, आवाज कळायला एक चक्कर रात्रीही मारा.

गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेला प्लॉट असेल तर २००१ च्या कायद्याखालचा नियमितीकरणाचा दाखला मागाच. मात्र त्यानं जागेची उंची वाढत नाही.

मेहुण्याला मी कुपवाड सांगितलं. लिफ्ट नाही, म्हणून त्याची आई अजून नाराज आहे. गुडघ्यांमुळे तुम्हाला बैठंच घर हवं असेल, तर आधी एक पावसाळा त्याच गल्लीत भाड्यानं राहा. तेवढी सवड नसेल तर शेजारच्या घरांचे लाईटचे मीटर बघा. पेटी डोक्याच्या वर नेऊन बसवली असेल तर का, ते विचारा.