एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये लढताना मदतीला बोलवायचे आत्मे (समन) म्हणून मिमिक टिअर की टीशे?

लेव्हल १० पर्यंत अपग्रेड केल्यावर दोघंही भारी आहेत, पण वापरायची पद्धत एकदम वेगळी.

मिमिक टिअर नोक्रॉन या जमिनीखालच्या शहरात मिळतो, फक्त तिथली धुक्याची भिंत उघडायला एक स्टोनस्वॉर्ड की (एकदाच वापरता येणारी किल्ली) लागते. बोलावताना एफपी (जादूची शक्ती) नाही, तर ६६० एचपी (तुमचा जीव) जातात, म्हणून बोलावलं की लगेच जीव भरणारा फ्लास्क प्यायचा. त्या क्षणी तुमच्या अंगावर जे असेल तेच तो घेऊन येतो, नंतर तुम्ही काहीही बदला. म्हणजे ब्लीडवाली (रक्तस्राव करून जादा डॅमेज देणारी) हत्यारं घालून बोलवा आणि मग आपला नेहमीचा सेट चढवा, शिवाय नको ते आयटम क्विक स्लॉटमधून काढून टाका, नाहीतर बॉस (मोठा शत्रू) समोर उभा असताना हा भलतंच काहीतरी वापरत बसतो. मार्च २०२२ च्या पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) त्याचा डॅमेज कमी केला खरा, तरी मार खाऊन टिकून राहतो, आणि हेवी आर्मर असेल तर विचारूच नका.

टीशे मिळायला गेममधल्या रानी या पात्राचं क्वेस्ट (कामांची साखळी) बरंच पुढे न्यावं लागतं आणि एव्हरगाओल या तुरुंगात अलेक्टो या बॉसला हरवावं लागतं. १३२ एफपी लागतात, त्यामुळे माइंड (एफपी वाढवणारा गुण) कमी असलेल्यांची पंचाईत. पण ती डॉज काय मारते, म्हणजे वार काय चुकवते! तिचा खास वार बसला की बॉसचं मॅक्स एचपीच काही वेळ घटतं. मलेनिया ही बॉस तर प्रत्येक वारावर, अगदी समनला मारलं तरी, स्वतःचं एचपी भरून घेते, म्हणून तिथे वार चुकवणारी टीशेच, डोळे झाकून. बाकी सगळीकडे माझं मत मिमिकला.