साथ आणि निवडणूक एकत्र आली तर: तारीख ढकलावी, टपालाने मत घ्यावे की केंद्रावर?

कोरोनाकाळात हे तिन्ही मार्ग वापरून झाले आहेत. पुन्हा ठरवायची वेळ आली, तर त्यांचा अनुभव हाताशी आहे.

तारीख ढकलणे सगळ्यात सोपे, म्हणूनच त्याची धास्ती जास्त. नवी मुंबई आणि तेव्हाच्या औरंगाबाद महापालिकांची मुदत एप्रिल-मे २०२० मध्ये संपली. त्या दिवसांत मतदान टाळणे रास्तच होते. पण पुढे प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे वाद आले, आणि मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ ला! राज्यघटनेने सभागृहाला पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. प्रशासक मात्र त्याहून जास्त काळ बसले. याउलट राज्यातल्या १४ हजारांवर ग्रामपंचायतींचे मतदान जानेवारी २०२१ मध्ये उरकले. म्हणून ढकलायचेच असेल, तर फेरआढाव्याचा दिवस त्याच आदेशात लिहिलेला हवा.

टपालाचे यश आधीच्या सवयीवर असते. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात टपाली मतदान रुळलेले होते. मार्च २०२० ची स्थानिक निवडणुकांची दुसरी फेरी तिथे पूर्णपणे टपालाने झाली. पोलंडने तोच प्रयोग घाईघाईत करायला घेतला आणि १० मे चे अध्यक्षपदाचे मतदान झालेच नाही; ते २८ जूनला घ्यावे लागले. आपल्याकडे तर मत घरात पडणार म्हटले की गुप्ततेचा प्रश्न येतो. सुनेच्या मतपत्रिकेवर खूण कोण करणार, हे वेगळे सांगायला नको. बिहारमध्ये २०२० साली ही सोय ८० वर्षांवरील, दिव्यांग, अत्यावश्यक सेवेतील आणि कोरोनाबाधित वा संशयित मतदारांपुरती ठेवली. सरसकट ६५ वर्षांवरच्यांना देण्याचा विचार आयोगाने सोडला. योग्यच केले.

माझे मत केंद्रावरच्या मतदानाला, पण केंद्रे वाढवणार असाल तरच. बिहारने एका केंद्रावरची मतदारांची मर्यादा १,५०० वरून १,००० वर आणली, शेवटचा तास रुग्णांसाठी ठेवला. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एप्रिल २०२० मध्ये कर्मचारीच मिळेनात, तेव्हा सुमारे १८० केंद्रांवरून गाडी पाचांवर आली आणि लोक तासन् तास रांगेत उभे राहिले. दक्षिण कोरियाने त्याच महिन्यात संसदेच्या निवडणुकीत आगाऊ मतदानाचे दोन दिवस, हातमोजे, तापमान तपासणी, विलगीकरणातल्यांना सायंकाळी सहानंतरची वेळ असा सगळा बंदोबस्त ठेवला. मतदान ६६.२ टक्के, संसदेच्या निवडणुकांत १९९२ नंतरचे सर्वाधिक.

खरी गर्दी मात्र केंद्राबाहेर होते. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट चढत असताना, पंढरपूर-मंगळवेढा पोटनिवडणुकीच्या सभा भरल्याच. केंद्रावर सॅनिटायझर ठेवून मैदान मोकळे सोडण्याला अर्थ नाही; सभांवर बंदी मतदानाच्या घोषणेसोबतच यायला हवी. आणि कर्मचारी? त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या पंचायत निवडणुकीनंतर शिक्षक संघटनेने १,६०० हून अधिक मृत्यूंचा दावा केला, सरकारने सुरुवातीला तीनच मान्य केले. केंद्रावर मतदान घ्यायचे, तर ड्युटीवरच्या माणसाला काही झाले तर भरपाई कोणत्या नियमाने मिळेल, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहा.