फुटाळ्यावरची दौड: पोहे पक्के, किलोमीटर कच्चे

चालायला जाणार असाल तर बिनधास्त नाव नोंदवा. टायमिंग काढायला जाणार असाल, तर यंदा आखलेल्या मार्गावर खरं टायमिंग निघणारच नाही, आणि त्यात तुमच्या पायांचा काही दोष नसेल.

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावरून सुटणारी ही वस्तीची दौड आहे. मोठा प्रायोजक नाही, बक्षिसासाठी बाहेरगावाहून येणारे पट्टीचे धावपटू नाहीत. आजूबाजूच्या वस्त्यांमधली माणसं, शाळेतली पोरं, निवृत्त मंडळी आणि साडीवर बूट चढवून आलेल्या काकू. प्रकार तीन: ३ किलोमीटर चाल, ५ आणि १० किलोमीटर धाव. वाट मात्र एकच. काठाकाठाने सपाट, मग सेमिनरी हिल्सकडचा चढ, वर वळसा आणि आल्या वाटेने परत. १० वाल्यांनी हाच फेरा दोनदा मारायचा, ३ वाल्यांनी चढ लागला की माघारी फिरायचं.

वाट निवडली झकास. नागपूर सपाट शहर, त्यामुळे चढाची सवय पायांना नसते, आणि ती लावायला पश्चिम नागपुरात याहून बरी जागा नाही. पहिल्या सपाट तुकड्यावर थंड हवेच्या जोरावर सगळेच पळत सुटतात आणि चढाच्या निम्म्यावर कमरेवर हात ठेवून उभे दिसतात. चढावर घड्याळाकडे बघूच नका. पावलं आखूड करा, श्वास सपाटीवर होता तेवढाच ठेवा, वेग पडला तर पडू द्या. गंमत उतारावर आहे. टाच आपटत खाली आलात तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांडीचा पुढचा भाग बोलायला लागतो. आणि सिमेंट रस्त्याची कडा सांभाळा. स्लॅब संपतो तिथून बाजूचे गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, दोन बोटं खाली असतात. अंधारात पुढच्याला ओलांडायला म्हणून कडेला गेलात की घोटा मुरगळलाच समजा.

आता किलोमीटरांचं. पाचाचा फेरा बऱ्याच जणांच्या घड्याळांवर ४.८ च्या आसपास भरला. जीपीएस घड्याळ चुकतं हे खरं, पण रस्त्यावरच्या दौडीत ते सहसा जास्त दाखवतं, कमी नाही. त्यामुळे फेराच तोकडा असणार. कारण ओळखीचं आहे. अंतर दुचाकीवरून मोजलं जातं. दुचाकीचं मीटर १०० मीटरच्या टप्प्याने पुढे सरकतं, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटाला मिळून तेवढी चूक तिथेच झाली. वर टायर झिजलेला किंवा हवा कमी असेल तर चाकाचा घेर घटतो, त्याच अंतरात चाक जास्त फिरतं आणि मीटर पुढे पळतं. मीटरवर पाच, रस्त्यावर पावणेपाच.

फेरा ४.८ धरला तर १० ची धाव ९.६ ची होते. ५५ मिनिटांत आलेल्याने खरं १० किलोमीटर त्याच वेगाने पळलं असतं तर ५७ मिनिटं १७ सेकंद लागली असती. सव्वादोन मिनिटांचा हा फरक पुढच्या खऱ्या स्पर्धेत डोळ्यांत पाणी आणतो.

उपाय महाग नाही. जगभर प्रमाणित मार्ग सायकलनेच मोजतात. पुढच्या चाकाच्या आसाला फेऱ्या मोजणारा जोन्स काउंटर लावतात, पोलादी टेपने मोजलेल्या किमान ३०० मीटरच्या सरळ तुकड्यावर सायकल चार वेळा चालवून किती आकडे पडतात ते ठरवतात, मार्ग मोजून झाला की त्याच तुकड्यावर परत चार वेळा पडताळतात. वळणांवर धावपटू जी सर्वांत जवळची वाट धरेल तीच धरायची, काठापासून ३० सेंटिमीटरवर. शेवटी दर किलोमीटरला १ मीटर जादा घालायचा, म्हणजे मार्ग कमी भरायची भीती उरत नाही. वस्तीच्या दौडीला प्रमाणपत्र नको, पण एवढं तर जमेल: साध्या सायकल कॉम्प्युटरवाली सायकल घ्या, चाकात हवा भरा, माणूस बसवून चाकाच्या दहा फेऱ्या टेपने मोजा, दहाने भागून तो घेर सायकल कॉम्प्युटरमध्ये भरा. मोजणी पहाटे रस्ता मोकळा असताना करा. एका सकाळचं काम आहे.

दुसरी मोठी अडचण वेळापत्रकात आहे, आणि ती सुरुवातीच्या कमानीखालीच दिसते. १० वाले ६ वाजता सुटतात, ५ वाले सव्वासहाला, ३ वाले साडेसहाला. किलोमीटरला ६ मिनिटं हा हौशी धावपटूचा अगदी साधा वेग. अशा माणसाचा पहिला फेरा साडेसहाच्या सुमारासच संपतो. म्हणजे १० वाल्यांचा सर्वांत दाट घोळका दुसऱ्या फेऱ्यासाठी कमानीखाली येतो, तेव्हाच तिथे आजी, नातू, बाबागाडी आणि सेल्फी काढणाऱ्या मैत्रिणी हिरव्या झेंडीची वाट बघत उभ्या असतात. 'जरा बाजू द्या गा भाऊ' हे त्या पाच मिनिटांत शंभरदा ऐकू येतं.

चाल ६:५० ला सोडली की भांडणच मिटतं. किलोमीटरला ९ मिनिटं घेणारा धावपटूही पावणेसातला पहिला फेरा संपवून पुढे गेलेला असतो. शिवाय थंडीत नागपूरला सूर्य त्याच सुमारास उगवतो, तेव्हा साठीच्या माणसांना अंधारात गतिरोधक शोधत चालावं लागणार नाही. साधारण वेगाने चालणारा किलोमीटरला १२ मिनिटांच्या हिशेबाने ३६ मिनिटांत, साडेसातच्या आत परत येतो. तरी सपाट तुकड्यावर दोन्हीकडचे लोक समोरासमोर येतातच. तिथे चालणाऱ्यांनी डावी कड धरायची आणि दोघांपेक्षा जास्त रांगेत चालायचं नाही, हे सुटण्याआधी माइकवरून सांगायला हवं. यंदा माइकवर झुंबा होता. झुंबा वाईट नाही, पण सूचनाही हवी.

बिबला, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाला, वेळ नोंदवणारी चिप आहे, हे कौतुकाचं. पण ती वाचणारी, रस्त्यावर अंथरायची मॅट फक्त शेवटाला आहे. सुरुवातीला मॅट नसल्याने सगळ्यांची वेळ झेंडीपासूनच धरली जाते. मागे उभं राहिलेल्याची कमानीपर्यंत पोचायला गेलेली मिनिटंही त्याच्या नावावर पडतात. बक्षिसाचा क्रम झेंडीच्या वेळेवर लावणं योग्यच आहे, जो आधी आला तो पहिला. पण स्वतःची वेळ बघणाऱ्यासाठी सुरुवातीची मॅट लागते. वळणावर तर काहीच नाही. निम्म्यातून फिरलेली पोरं पदक घेऊन गेली, हे सगळ्यांनी पाहिलं. तिथे मॅट परवडत नसेल तर जुनी पद्धत चालते: वळणाच्या कोनापाशी दोन स्वयंसेवक, प्रत्येकाच्या हातात रंगीत रबरबँड, पहिल्या फेऱ्याला एक रंग, दुसऱ्याला दुसरा. शेवटाला मनगट बघायचं.

निकालात काही जणांची वेळच आली नाही, त्याचा सगळा दोष चिपवाल्यांचा नाही. कागदी बिबच्या मागची पट्टी रेडिओलहरींवर चालते, आणि शरीरातलं पाणी त्या लहरी शोषून घेतं. म्हणून चांगल्या बिबवर पट्टी आणि अंगामध्ये फोमचा तुकडा असतो. यंदाच्या बिबवर तो नव्हता. घामाने बिब पोटाला चिकटला की चिप मुकी झाली. बिबची घडी घालू नका, कमरेच्या पट्ट्यात खोचू नका, मागे मोबाइलचा पाऊच ठेवू नका. चार कोपऱ्यांना चार पिना लावून छातीवर सपाट लावा. यंदा पाकिटात पिना दोनच होत्या, घरून दोन न्या. आयोजकांनी शेवटच्या रेषेवर मोठं घड्याळ चौकटीत येईल असा एक मोबाइल स्टँडवर लावून चित्रण चालू ठेवलं तरी हुकलेल्या वेळा नंतर काढता येतील.

पाण्याचं टेबल चढाच्या पायथ्याशी, एकाच बाजूला, काठोकाठ भरलेल्या कपांसह. तीनही गोष्टी चुकीच्या. जिथे माणूस जोर लावायला निघतो तिथेच त्याला थांबवलं, एकाच बाजूला असल्याने लोक एकमेकांना कापत आडवे गेले, आणि भरलेला कप धावताना नाकात जातो. वळसा घेतल्यावर पन्नास पावलांवर, सपाट जागी, दोन्ही कडांना टेबलं लावा. २०० मिलिलिटरचा कप निम्मा भरा. ६०० माणसं आणि प्रत्येकी दोन कप धरले तर १२० लिटर, म्हणजे २० लिटरचे सहा जार, वर दोन राखीव. कचऱ्याचा पिंप टेबलाशी नको, शंभर पावलं पुढे हवा, कारण कप रिकामा तिथे होतो.

इलेक्ट्रॉल होतं, पण नावालाच. २१.८ ग्रॅमचं एक पाकीट १ लिटरसाठी असतं, म्हणजे २० लिटरच्या जारला २० पाकिटं लागतात. जारमध्ये दोन-तीन पाकिटं टाकून तयार होतं ते फक्त वास असलेलं पाणी. एवढ्या अंतराला, जानेवारीच्या हवेत, साधं पाणी पुरतं, हेही खरं. मग द्यायचंच कशाला? संत्र्यांची कल्पना नागपूरला शोभणारी, पण वाटेत अख्खं संत्रं हातात दिलं की साल रस्त्यावर आणि बोटं चिकट. संत्री शेवटाला द्या. आणि दौड फेब्रुवारीत गेली तर मृग बहराचा, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याच्या संत्र्यांचा, माल हाती लागेल; हिवाळ्यातल्या फुलोऱ्याचा आंबिया बहर डिसेंबरपर्यंत बहुतेक आटोपलेला असतो.

शौचालयाचा हिशेब आयोजकांनी कागदावर मांडायला हवा होता. चार सीटांची एक फिरती गाडी, माणशी दोन मिनिटं, सुटण्याआधीचा अर्धा तास: साठ माणसं. बाकीच्यांनी काय करावं? बायकांसाठी वेगळी गाडी नव्हतीच. इतक्या बायका येणाऱ्या दौडीत ही सर्वांत लाजिरवाणी उणीव आहे.

रुग्णवाहिका शेवटच्या कमानीला खेटून उभी होती, पुढे लोकांची गर्दी. दौडीत हृदयाचा त्रास शेवटच्या टप्प्यात आणि रेषेच्या आसपासच जास्त होतो, पण गर्दीत अडकलेली गाडी हलणार कशी? हृदय थांबल्यावर छाती दाबली जात नसेल, तर विजेचा शॉक मिळायला होणाऱ्या उशिराच्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. गाडी शेवटाजवळच पण गर्दीबाहेर ठेवा, तोंड मोकळ्या रस्त्याकडे करून. वळणावरच्या दोन्ही स्वयंसेवकांना छाती दाबायला शिकवा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. बिबच्या मागे रक्तगट आणि घरचा नंबर लिहायची जागा आहे, ती बहुतेकांनी कोरीच ठेवली होती.

टी-शर्ट पातळ पॉलिएस्टरचा, बरा आहे, माप एक नंबर मोठं येतं. पदक जड आहे. बास.

आणि पोहे. धावून आलेल्याला कढईतून उतरलेले गरम पोहे, तर्री वेगळ्या पातेल्यात, हरभरे वेचून वाढणारी माणसं, दुसऱ्यांदा मागितलं तर कपाळाला आठी नाही. तर्री वेगळी ठेवली हे शहाणपण, कारण नुकत्याच ढवळलेल्या पोटात तिखट तेल गेलं की पित्त उसळतं. रांग लांब दिसते पण दोन बाजूंनी वाढत असल्याने झपाझप सरकते. कागदी द्रोणांसाठी वेगळं पिंप होतं आणि ते वेळेवर रिकामंही केलं जात होतं. ज्या कोणी हे पोह्यांचं काम सांभाळलं, त्यालाच पुढच्या वर्षी पाण्याची टेबलं द्या.

साठीवरच्या गटाला वेगळी बक्षिसं आहेत आणि ती आधी वाटली जातात. पहाटेपासून ताटकळलेल्या माणसांना घरी जाता येतं. स्वयंसेवक पोरं कुत्र्यांच्या टोळ्यांवर नजर ठेवून होती, हेही दिसलं. तरी एकट्याने मागे राहिलात आणि कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, चालायला लागा.

जाणार असाल तर: बिब आदल्या दिवशीच घ्या, सकाळी बिबच्या टेबलावर गोंधळ असतो. गाडी तलावाच्या रस्त्यावर लावू नका, परत येणारे धावपटू तिथूनच येतात आणि साडेसातपर्यंत गाडी निघत नाही. १० करणाऱ्यांनी पहिल्या फेऱ्याअखेर कमानीच्या उजव्या बाजूने घुसा, डावीकडे चालणाऱ्यांची गर्दी असते. टायमिंग लागतच असेल तर घड्याळावर बटण कमानीखाली दाबा आणि १० भरेपर्यंत शेवटच्या रेषेच्या पुढे पळत राहा. सुमारे ४०० मीटर लागतील. पोह्यांची रांग त्याच बाजूला आहे.